तीनच्या जागी चार: 1968 च्या मास्टर्समधलं स्कोअरकार्ड प्रकरण

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल या गोल्फ मैदानावर 14 एप्रिल 1968 रोजी मास्टर्स स्पर्धेची चौथी आणि शेवटची फेरी झाली. अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे व्हिसेन्झो त्या फेरीत 65 फटक्यांत घरी आला. नोंद मात्र 66 ची झाली आणि ती आजही तशीच आहे. 65 धरले असते तर चार फेऱ्यांची बेरीज 277 होऊन अमेरिकेच्या बॉब गोल्बीशी बरोबरी झाली असती आणि दुसऱ्या दिवशी दोघांत 18 होलचा प्लेऑफ, म्हणजे निर्णायक फेरी, झाला असता. 66 मुळे बेरीज 278 झाली. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो, म्हणून गोल्बी एका फटक्याने विजेता ठरला, दे व्हिसेन्झो दुसरा.

त्याने फटका वाया घालवला नव्हता, दंडही ओढवून घेतला नव्हता. सतराव्या होलवर त्याने तीन फटके घेतले, त्याच्या कार्डावर चार लिहिले गेले, आणि त्या कार्डावर त्याने सही केली. एवढंच घडलं. पण व्यावसायिक गोल्फमध्ये कार्ड कसं भरतात, जबाबदारी कोणाची असते आणि चूक नेमकी कुठे शिरते हे समजून घ्यायचं तर यापेक्षा चांगलं प्रकरण सापडत नाही.

आधी तो दिवस पाहू. तीन फेऱ्यांनंतर गॅरी प्लेअर 210 वर आघाडीवर होता. गोल्बी 70, 70, 71 अशा फेऱ्यांसह 211 वर, आणि दे व्हिसेन्झो 69, 73, 70 करून 212 वर. त्या दिवशी दे व्हिसेन्झोचा 45 वा वाढदिवस होता. पहिल्या होलवर, जो पार 4 आहे, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित आहे, त्याचा नऊ नंबरच्या आयर्न काठीचा दुसरा फटका थेट कपात गेला. पहिल्याच होलवर ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी. प्रेक्षकांनी त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक कमी), आठव्यावर आणखी एक. पहिले नऊ होल 31 मध्ये. पुढच्या नऊमध्ये बाराव्या आणि पंधराव्यावर बर्डी, मग सतराव्यावर दुसरा फटका झेंड्याच्या अगदी जवळ टाकून तिथेही बर्डी. ही सतराव्यावरची बर्डी टीव्हीवर असंख्य लोकांनी पाहिली आणि मैदानावरच्या फलकावरही ती बरोबर लागली. अठराव्यावर दुसरा फटका ग्रीनच्या, म्हणजे कपाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, डावीकडे गेला, पार वाचवणारा पट (चेंडू कपाकडे ढकलणारा फटका) हुकला आणि बोगी (पारपेक्षा एक जास्त) झाली. शेवटचे नऊ 34. एकूण 65.

गोल्बी त्याच्या मागच्या गटांपैकी एकात होता. त्याने पंधराव्यावर ईगल मारला, सतराव्यावर तीन पट घेऊन एक फटका गमावला आणि अठराव्यावर पार केला. त्याची फेरी 66 ची, बेरीज 277. त्या क्षणी मैदानावरचा प्रत्येक जण बरोबरी झाली असंच धरून चालला होता.

दे व्हिसेन्झोचं कार्ड त्याच्यासोबत खेळणाऱ्या टॉमी एरनकडे होतं. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटक्यांवर निकाल लागतो त्या प्रकारात, खेळाडू स्वतःचं अधिकृत कार्ड स्वतः लिहीत नाही. पहिल्या टीवर (होलची सुरुवात होते त्या जागी) कार्डांची अदलाबदल होते. माझं कार्ड तुमच्याकडे, तुमचं माझ्याकडे किंवा गटातल्या तिसऱ्याकडे. दुसऱ्याचे फटके लिहिणारा तो मार्कर. प्रत्येक होल संपला की मार्करने खेळाडूला आकडा विचारून लिहायचा असतो. व्यवहारात हे लिहिणं पुढच्या टीवर, स्वतःचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) मारण्याआधी किंवा मारून झाल्यावर होतं. कार्डाच्या कडेला फाडून घेता येईल अशी पट्टी असते. तिच्यावर मार्कर स्वतःचे फटके टिपून ठेवतो, म्हणजे शेवटी ताडून पाहायला दोन स्वतंत्र नोंदी हाताशी असतात.

एरनने सतराव्याच्या चौकटीत 3 ऐवजी 4 लिहिलं. पार 4 च्या होलवर मार्करचा हात सवयीने 4 कडे जाणं ही सहज होणारी चूक आहे. त्यात सतरावा होल म्हणजे फेरीचा शेवट. मार्कर स्वतःही त्याच स्पर्धेत खेळत असतो, त्याच्या डोक्यात त्याचा अठरावा होल सुरू झालेला असतो. एरनला दोष देणं सोपं आहे, पण नियम त्याला फारसा दोष देत नाही. चूक पकडण्याचं काम नियमाने खेळाडूकडे सोपवलं आहे.

अठराव्या ग्रीनशेजारी त्या वेळी एक उघडं टेबल होतं. आजूबाजूला गर्दी, गोंगाट, पुढे टीव्हीवाल्यांची मुलाखत वाट पाहत होती. दे व्हिसेन्झो नुकत्याच झालेल्या बोगीवर चरफडत होता. त्याने कार्डावर सही केली, ते दिलं आणि तो उठला. थोड्या वेळाने एरनच्या लक्षात आलं की आकडे जुळत नाहीत. दे व्हिसेन्झोला परत बोलावलं गेलं, पण तोवर कार्ड दिलं गेलं होतं.

तेव्हाचा नियम 38 वा. त्याचा गाभा असा: कार्ड समितीकडे दिल्यावर त्यात कोणताही बदल करता येत नाही. एखाद्या होलसाठी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दिला असेल तर खेळाडू बाद. जास्त आकडा दिला असेल तर तो जास्तीचाच आकडा कायम. दे व्हिसेन्झोचा आकडा जास्त होता, म्हणून तो बाद झाला नाही, पण सतराव्यावरचे चार त्याच्या नावावर चिकटले. नियम समितीच्या लोकांनी बॉबी जोन्सलाही विचारलं. ऑगस्टाचा संस्थापक, तेव्हा आजाराने खिळलेला. पळवाट त्यालाही सापडली नाही, कारण ती नव्हतीच.

हा नियम पहिल्यांदा वाचणाऱ्याला अन्याय वाटतो. सगळ्या जगाने तीन फटके पाहिले, मग चार का लिहायचे? उत्तर असं की गोल्फचे नियम फक्त टीव्हीवर दिसणाऱ्या पन्नास-साठ खेळाडूंसाठी लिहिलेले नाहीत. एका मोठ्या स्पर्धेत सकाळच्या पहिल्या गटापासून संध्याकाळच्या शेवटच्या गटापर्यंत बहुतेकांचे बहुतेक फटके समितीचा कोणीही माणूस पाहत नाही. पात्रता फेऱ्यांत तर जवळजवळ कोणीच पाहत नाही. तिथे समितीसमोर पुरावा एकच असतो, खेळाडू आणि मार्कर या दोघांच्या सह्यांचं कार्ड. ते दिल्यानंतर पुन्हा उघडायला परवानगी दिली तर प्रत्येक निकालावर दावे सुरू होतील आणि साक्षीपुरावे गोळा करत बसावं लागेल. कमी आकड्याला बाद करणं आणि जास्त आकड्याला नुसतं कायम ठेवणं या फरकातही तर्क आहे. कमी आकड्याने खेळाडूला फायदा होतो, जास्त आकड्याने फक्त त्याचंच नुकसान होतं. आमच्या मते नियम कठोर आहे, पण तो योग्य आहे, आणि त्या दिवशी तो वाकवला असता तर पुढच्या प्रत्येक वादात ऑगस्टाचा दाखला दिला गेला असता.

आता या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी धडा. बहुतेक खेळाडू, अगदी अनुभवी व्यावसायिकही, कार्ड तपासताना आधी बेरीज पाहतात. 'आज मी 69 मारले, कार्डावर 69 आहेत, झालं.' ही पद्धत मुळातच चुकीची आहे, कारण बेरजेची जबाबदारी खेळाडूची नाहीच. बेरीज समिती करते. खेळाडू जबाबदार असतो तो अठरा चौकटींतल्या अठरा आकड्यांना. चौकटी बरोबर आणि बेरीज चुकली तर समिती ती दुरुस्त करते, कोणाचंही काही बिघडत नाही. उलट झालं तर बिघडतं.

हे कुठवर जाऊ शकतं ते 1957 च्या अमेरिकन महिला ओपनमध्ये विंग्ड फूट मैदानावर दिसलं. जॅकी पंगने चार फेऱ्यांत 298 फटके मारले होते, बेट्सी रॉल्सपेक्षा एक कमी. पंगच्या कार्डावरची बेरीज बरोबर होती. पण चौथ्या होलच्या चौकटीत 6 ऐवजी 5 लिहिलेलं होतं. कमी आकडा, म्हणून बाद. तिच्यासोबत खेळणाऱ्या आणि तिचं कार्ड सांभाळणाऱ्या बेट्टी जेम्सनच्या स्वतःच्या कार्डावरही त्याच होलला अशीच चूक होती, आणि तीही बाद झाली. विजेतेपद रॉल्सला मिळालं. बरोबर बेरीज लिहिलेलं कार्ड हातात असूनही विजेती बाद होऊ शकते हे त्या दिवशी अख्ख्या गोल्फ जगाला कळायला हवं होतं. अकरा वर्षांनी ऑगस्टाला ते पुन्हा शिकावं लागलं.

शेजारच्या दोन होलांचे आकडे उलटसुलट होणं हा याचाच नेहमीचा प्रकार. समजा सातव्यावर 4 आणि आठव्यावर 5 झाले, आणि मार्करने 5 आणि 4 असं लिहिलं. बेरीज 9, दोन्हीकडे सारखीच. सातव्यावरचा जास्त आकडा कायम राहील, पण आठव्यावरचा कमी आकडा खेळाडूला स्पर्धेबाहेर काढेल. बेरीज पाहून तपासणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. बर्डीनंतर लगेच बोगी झालेली असेल तर हा धोका सर्वाधिक, आणि दे व्हिसेन्झोच्या शेवटच्या दोन होलांवर नेमकं तेच झालं होतं.

म्हणून कार्ड कसं तपासायचं याची जी पद्धत चांगले कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे मदतनीस) नव्या खेळाडूला शिकवतात ती अशी. स्कोअरिंगच्या जागी बसल्यावर पेन हातात घ्यायचंच नाही. आधी समोर स्वतःची पट्टी ठेवायची. मार्कर त्याच्याकडच्या कार्डावरचे आकडे मोठ्याने वाचतो, एका वेळी एक होल, आणि खेळाडू स्वतःच्या पट्टीवर बोट ठेवून तेच उच्चारतो. 'एक, चार. दोन, पाच. तीन, तीन.' नऊ झाल्यावर थांबायचं, मग पुढचे नऊ. ज्या होलवर पारपेक्षा वेगळा आकडा आहे तिथे फटके मनात पुन्हा मोजायचे: ड्राइव्ह, दुसरा, चिप, एक पट, चार. दंडाचा फटका असलेला होल, ड्रॉप घेतलेला (नियमानुसार चेंडू उचलून दुसरीकडे टाकलेला) होल आणि शेवटचे दोन होल दुसऱ्यांदा पाहायचे. गटासोबत फिरणाऱ्या स्वयंसेवकाची नोंद टेबलावर असेल तर तिच्याशीही ताडायचं, पण तिच्यावर विसंबायचं नाही, कारण ती अधिकृत नसते. काही शंका असेल, विशेषतः एखाद्या ड्रॉपबद्दल किंवा चेंडू हलल्याबद्दल, तर ती सहीच्या आधीच तिथल्या अधिकाऱ्याला विचारायची. मग मार्करची सही, मग स्वतःची, आणि कार्ड दिल्यावरही अधिकारी आकडे वाचून 'ठीक' म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. या सगळ्याला चार-पाच मिनिटं लागतात.

खुर्ची न सोडण्याचं कारण तांत्रिक आहे. कार्ड 'दिलं' कधी मानायचं हे समिती ठरवते, आणि अनेक स्पर्धांत खेळाडू स्कोअरिंगच्या जागेबाहेर पडला की कार्ड दिलं असं धरतात. आत असेपर्यंत कार्ड परत मागता येतं, आकडा दुरुस्त करता येतो. अशा स्पर्धांत दारातून बाहेर पडलं की संपलं. ऑगस्टाच्या उघड्या टेबलाला असं दारच नव्हतं. आज मोठ्या स्पर्धांत यासाठी बंद खोली किंवा तंबू असतो, पत्रकार आणि कॅमेरे बाहेर थांबतात. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण दमलेल्या, चिडलेल्या माणसाला पाच मिनिटं शांतता देणं हाच या चुकीवरचा खरा उपाय आहे.

ही तपासणी किती मोलाची आहे याचा पुरावा स्वतः एरनने दिला. 1973 च्या मास्टर्सच्या शेवटच्या फेरीत त्याचं कार्ड जॉनी मिलरकडे होतं. तेराव्या होलवर एरनचे चार झाले होते, मिलरने पाच लिहिले. एरनने सही करण्याआधी ते पकडलं आणि दुरुस्त करून घेतलं. त्याची बेरीज 283 झाली आणि जे. सी. स्नीडला त्याने एका फटक्याने मागे टाकलं. ते पाच तसेच राहिले असते तर 284 वर बरोबरी होऊन प्लेऑफ खेळावा लागला असता. एरनच्या कारकिर्दीतली ती एकमेव मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक.

दे व्हिसेन्झोच्या कारकिर्दीचा हिशेब मात्र मास्टर्सच्या विजेत्याला मिळणाऱ्या एका हिरव्या जॅकेटाने मांडता येत नाही. तो आदल्याच वर्षी, 1967 मध्ये, होयलेकला ब्रिटिश ओपन जिंकला होता, तेही जॅक निकलॉसला दोन फटक्यांनी मागे टाकून, वयाच्या 44 व्या वर्षी. जगभरात त्याने 230 हून अधिक स्पर्धा जिंकल्या. मास्टर्सनंतर तीनच आठवड्यांनी, मे 1968 मध्ये, तो ह्यूस्टनची स्पर्धा जिंकला. पंचेचाळिशीतला खेळाडू अशा धक्क्यानंतर महिनाभरात पुन्हा विजेतेपदाला हात घालतो, हे कारकिर्दीच्या दृष्टीने त्या कार्डाइतकंच महत्त्वाचं आहे, पण त्याची आठवण क्वचित काढली जाते. 1970 मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याला खिलाडूवृत्तीसाठीचा बॉब जोन्स पुरस्कार दिला. 1980 मध्ये पहिली अमेरिकन सीनिअर ओपन त्याने जिंकली, आणि तीही विंग्ड फूटलाच, जिथे पंगचं कार्ड फसलं होतं. 1989 मध्ये त्याचा जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. जून 2017 मध्ये 94 व्या वर्षी तो गेला. अर्जेंटिनाच्या खेळाडूला मास्टर्सचं हिरवं जॅकेट मिळायला 2009 उजाडावं लागलं, आंखेल काब्रेराच्या रूपाने.

त्याच्या वागण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. त्याने एरनवर बोट रोखलं नाही, समितीवर नाही, नियमावर नाही. चूक माझी, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. नियमाच्या दृष्टीनेही ते अचूक होतं. विजेतेपद हातातून निसटल्यानंतर काही मिनिटांत, परक्या भाषेत, कॅमेऱ्यांसमोर इतकं नेमकं बोलणं सोपं नव्हतं.

सगळ्यात मोठा अन्याय झाला तो गोल्बीवर, आणि तो नियमाने नव्हे तर लोकांनी केला. शेवटच्या दिवशी 66 मारणाऱ्या, पंधराव्यावर ईगल करणाऱ्या खेळाडूला लोकांनी आयता विजेता ठरवलं. त्याला कडवट पत्रं आली. ती त्याची एकमेव मेजर, आणि तिच्याबद्दल बोलताना प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या कार्डाचा विषय निघायचा. प्लेऑफमध्ये तोच जिंकला असता की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, पण त्याने 277 फटके मारले आणि 277 चंच कार्ड दिलं.

1968 नंतर नियमांत सैलपणा आला, पण ठरावीक जागीच. आज हा भाग नियम 3.3 मध्ये आहे. आपल्याला दंड लागला आहे हे खेळाडूला माहीतच नव्हतं आणि म्हणून तो कार्डात धरला गेला नाही, तर आता त्याला बाद करत नाहीत, राहिलेला दंड आकड्यात मिळवतात. 2023 पासून समिती स्थानिक नियम लावून सही राहिल्याची शिक्षा बाद होण्यावरून दोन फटक्यांवर आणू शकते. सही राहणं किती महाग पडायचं ते आयर्लंडच्या पॅड्रेग हॅरिंग्टनला 2000 मध्ये इंग्लंडमधल्या बेल्फ्री मैदानावर कळलं होतं. तीन फेऱ्यांनंतर पाच फटक्यांनी आघाडीवर असताना पहिल्या फेरीच्या कार्डावर त्याची सही नसल्याचं आढळलं आणि तो बाद झाला. सही आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही चालते.

चौकटीतल्या आकड्याचा नियम मात्र जसाच्या तसा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हिएरा मैदानावर अमेरिकेच्या जॉर्डन स्पीथने दुसऱ्या फेरीत चौथ्या होलवर, पार 3 वर, चार फटके घेतले आणि तीन लिहिलेल्या कार्डावर सही केली. त्याचा प्रत्येक फटका यंत्रणेत नोंदलेला होता, तरी तो बाद झाला. बाद झालेल्या खेळाडूला त्या आठवड्याचं बक्षीस मिळत नाही आणि क्रमवारीचे गुणही मिळत नाहीत. टूर कार्ड (व्यावसायिक स्पर्धांत खेळण्याचा हक्क) टिकवण्यासाठी धडपडणाऱ्या खेळाडूसाठी तो एक आठवडा पुढच्या वर्षाची जागा ठरवू शकतो. स्पीथसारख्याला ते परवडलं. आणि दे व्हिसेन्झोने सही केलेलं कार्ड आज कोणत्याही समितीपुढे ठेवलं, तरी ती सतराव्यावर चार धरून त्याचे 66 च मोजेल.